कुठल्या पानावर सोडलंत?

एका वाचक गटाने विचारलंय: "आम्ही एकाच सोसायटीतले दहा-बारा जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. सध्या काय वाचतोय ते प्रत्येक जण सांगतो, एकमेकांना पुस्तकं सुचवतो. सहा महिने झाले. याद्या भरपूर जमल्या, पण एकाने सुचवलेलं पुस्तक दुसऱ्याने वाचलं असं एकदाही झालं नाही. आमचं कुठे चुकतंय? आणि तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?"

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी 28 वर्षं बसतेय. रोज पन्नास-साठ माणसं समोर येतात आणि त्यातली निम्मी तरी विचारतात, "काही चांगलं आलंय का?" सुरुवातीची चार-पाच वर्षं मी या प्रश्नाचं सरळ उत्तर देत असे. मला आवडलेलं पुस्तक पुढे सरकवायचे आणि ते पंधरा दिवसांनी जसंच्या तसं परत यायचं. जसंच्या तसं म्हणजे कसं, तेही सांगते. वाचलेलं पुस्तक थोडं फुगून येतं. पानांच्या कडा सैलावतात, टेबलावर ठेवलं की एका ठिकाणी आपोआप उघडतं, आत एसटीचं तिकीट नाहीतर गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा राहिलेला असतो. न वाचलेलं पुस्तक इस्त्रीच्या कपड्यासारखं येतं आणि आणणारा मोठ्या अदबीने म्हणतो, "छान होतं."

तुमच्या रविवारी बहुधा हेच चाललंय. सगळी पुस्तकं छान, सगळी वाचायलाच हवीत अशी, आणि सगळी इस्त्रीची.

माझा इलाज अगदी साधा आहे. पुस्तक सुचवायच्या आधी समोरच्याला विचारा: शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि साधारण कुठे सोडलंत? आवडलेली पुस्तकं विचारली की माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो. 'मृत्युंजय', 'ययाती', 'श्यामची आई'. ही तिन्ही त्याने शाळा-कॉलेजात वाचलेली असतात आणि आज त्याला काय हवंय हे त्यावरून काहीच कळत नाही. सोडलेल्या पुस्तकाचं विचारलं की आधी जरा ओशाळतो आणि मग खरं बोलतो. "फार वर्णनं होती." "माणसांची नावं लक्षात राहीनात." "रात्री वाचवेना, झोप उडायची." यातल्या प्रत्येक उत्तरात पुढचं पुस्तक दडलेलं असतं. नावं लक्षात न राहणाऱ्याला 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड देऊन उपयोग नाही, मग पेंडसे कितीही मोठे असोत. त्याला आधी 'गारंबीचा बापू' द्यावा.

आमच्याकडे गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका येतात. 'कोसला' त्यांनी तीन वेळा नेलं आणि तीन वेळा परत आणलं. कुठे सोडलंत विचारलं तर म्हणाल्या, "तो हॉस्टेलवर जातो ना, तिथेच. प्रत्येक वाक्यात वगैरे वगैरे, उदाहरणार्थ उदाहरणार्थ. वर्गात उत्तर येत नसलं की मुलं असंच बोलतात, माझं डोकं फिरतं." चौथ्यांदा मी त्यांना सांगितलं, सुरुवातीपासून वाचूच नका. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग आहे, तेवढा वाचा आणि पुस्तक मिटून ठेवा. वाटलं तर पहिल्या पानावर जा. नेमाड्यांच्या कडव्या वाचकांना हा अधर्म वाटेल, वाटू दे. बाई आठवड्याने आल्या आणि पुस्तकाची मुदत वाढवून मागितली. एवढंच म्हणाल्या, "वगैरे का म्हणतो ते कळलं आता." 1963 साली आलेली ती कादंबरी त्यांच्या हातात पोचायला इतकी वर्षं लागली, आणि अडलं होतं ते फक्त कुठून शिरायचं तिथे.

म्हणून मी पुस्तकाचं नाव सांगते तेव्हा त्याचं दारही सांगते. 'धग' द्यायचं असेल तर वऱ्हाडी बोली कानावर नसलेल्यांना बजावते, पहिली दहा-पंधरा पानं मोठ्याने वाचा, कळत नसलं तरी. कान बसला की नायिका कौतिक स्वतःच तुमचा हात धरून पुढे नेते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मोठं आहे म्हणून लोक बिचकतात. त्यांना सांगते, सलग वाचायचा हट्ट धरू नका. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. पंगत बसल्यावर एखादी आत्या किस्से सांगते तसं ते लिहिलंय. हसून हसून पुरेवाट होते, आणि मग 1895 साली नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येते तेव्हा त्याच आवाजाला कापरा सुटलेला ऐकू येतो. ज्यांचं वाचन पाच-दहा वर्षं सुटलंय त्यांना मी डोळे मिटून 'बनगरवाडी' देते. माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. पातळ आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि एक तरुण मास्तर भल्या पहाटे माळावरून धनगरांच्या वाडीकडे चालत निघालाय, बस्स. ती संपली की वाचकाला स्वतःबद्दल वाटायला लागतं की अजून जमतंय आपल्याला. पुस्तक आवडण्याइतकंच हेही महत्त्वाचं असतं, सुट्टीनंतर पहिल्यांदा सायकल चालवल्यासारखं.

आता माझी चूक सांगते, कारण शिकले ती त्यातूनच. ग्रंथालयाच्या परीक्षेसाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं आम्ही घोकलेली असतात. 1931 ची. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. मी नोकरीत नवी होते. गावाबाहेर धरणग्रस्तांची वसाहत आहे, तिथले एक गृहस्थ नव्याने सभासद झाले. मला वाटलं, सूत्र क्रमांक दोन आपणहून चालत आलंय. मी मोठ्या उत्साहाने विश्वास पाटलांचं 'झाडाझडती' काढून दिलं. 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार, विषय धरणग्रस्तांचा, माणूस धरणग्रस्त. आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले. पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे मला कशाला सांगताय? आमचं घर गेलंय त्यात. दुसरं काहीतरी द्या. लांबचं द्या." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. त्यांना मी हिमालयातल्या प्रवासाचं एक पुस्तक दिलं, ते फुगून परत आलं. आणि 'झाडाझडती' कुणी वाचलं असेल? वसाहतीत सून म्हणून आलेल्या एका मुलीने, जिने बुडालेलं गाव पाहिलंच नव्हतं. सासरचे लोक जेवताना अचानक गप्प का होतात हे तिला समजून घ्यायचं होतं. तिसरं सूत्र मला त्या दिवशी कळलं.

माणसाच्या आयुष्यात जे आहे तेच पुस्तकात शोधून त्याच्या हातावर ठेवणं ही सुचवणाऱ्यांची सगळ्यात आवडती चूक. नुकतंच कुणी गेलंय म्हणून मरणावरचं पुस्तक, घटस्फोट झालाय म्हणून घटस्फोटावरचं, आजारपण चालू आहे म्हणून आजारातून उठलेल्याचं आत्मचरित्र. हेतू चांगला असतो. पण दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला परवानगी लागते. तो माणूस स्वतः मागेल तेव्हा द्यावं.

आता तुमच्या यादीचं. आमच्या टेबलाच्या उजव्या हाताला परत आलेल्या पुस्तकांची थप्पी असते. संध्याकाळी ती कपाटांत जाते. नव्या पुस्तकांसाठी दाराशी वेगळी मांडणी आहे, वर रंगीत पाटी आहे. तरी येणारा माणूस आधी थप्पीत हात घालतो. 28 वर्षांत हे बदललेलं नाही. कपाटातलं पुस्तक वाचनालयाचं असतं; थप्पीतलं पुस्तक आत्ताच गावातल्या कुणीतरी वाचून ठेवलेलं असतं. पूर्वी पुस्तकाच्या शेवटी तारखांची पट्टी चिकटवलेली असायची. लोक गोष्ट बघायच्या आधी ती पट्टी बघत. शिक्के जवळजवळ असले की पुस्तक चालतंय; एखादं पुस्तक चार वर्षं पडून राहून मग महिन्यात तीनदा गेलेलं दिसलं तर समजावं, कुठल्यातरी घरात त्याची चर्चा झालीय. संगणक आल्यापासून पट्टीची गरज उरली नाही. मी अजून शिक्का मारते. (कोणी नेलं ते मात्र सांगत नाही. एकाच घरातला नवरा आणि बायको एकमेकांना कळू न देता काय काय नेतात, यावर मी एक पुस्तक लिहू शकेन. लिहिणार नाही.)

याचा तुम्हाला उपयोग असा, की यादी बंद करा आणि थप्पी सुरू करा. बैठकीला पुस्तक हातात घेऊन या. ज्याचं नुसतं नाव सांगायचंय, जे मोबाइलवर पाहिलंय, ते त्या दिवशी सांगू नका. एकाने एकच पुस्तक सांगायचं. लेखकाचा परिचय, पुरस्कार, कथानक यातलं काही नको. अर्धं पान मोठ्याने वाचून दाखवायचं आणि बसायचं. मग ज्याला हवं त्याने ते तिथेच उचलून न्यायचं, एका दोनशे पानी वहीत तारीख लिहून. वही हवीच. शेजारधर्मात पुस्तकं जितकी बुडतात तितकी तुळईखाली वाळवी लागूनही बुडत नाहीत. आणि एक नियम तोंडाने जाहीर करा: न वाचता परत केलं तरी चालेल, फक्त कुठे सोडलं ते सांगायचं. तुमची खरी चर्चा तिथून सुरू होईल.

विकत घेण्याचा प्रश्न असेल तर भिशी लावा. आमच्याकडे बारा बायकांची पुस्तक भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी दोनशे, चिठ्ठीत नाव निघेल तिने चोवीसशेची पुस्तकं स्वतःच्या पसंतीने घ्यायची, कुणी नाक मुरडायचं नाही, वर्षभर सगळ्यांत फिरवायची. पहिल्या वर्षी सगळ्यांनी "चांगली" पुस्तकं घेतली. दुसऱ्या वर्षापासून खरी पसंती दिसायला लागली. एकीने सगळे पैसे भयकथांवर घातले, आणि ती पुस्तकं सगळ्यात जास्त फिरली.

घरातल्या कॉलेजच्या मुलांना बैठकीला ओढायचं असेल तर मला दोन पुस्तकं सुचतात. नंदा खरे यांचं 'उद्या'. आपल्यावर सतत कुणाचीतरी नजर असणं, आपली माहिती दुसऱ्याच्या हाती जाणं, यावर मराठीत इतकं रोखठोक फार कमी लिहिलं गेलंय. मुलांना मराठी कादंबरी अशी असते हेच माहीत नसतं. या पुस्तकाला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि नंदा खरे यांनी तो नम्रपणे नाकारला, हे सांगितलं की मुलं पुस्तक हातात तरी घेतात. दुसरं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. 1939 ची कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि एक मराठी नायक. छोटी आहे, दोन बैठकांत होते, आणि त्या नायकाशी सहमत होणं अवघड आहे. गटासाठी असलंच पुस्तक उत्तम. ज्यावर सगळ्यांचं एकमत होतं त्यावर चहा येईपर्यंतसुद्धा बोलता येत नाही. लहान मुलांसाठी अजून 'एक होता कार्व्हर'च. वीणा गवाणकरांच्या या पुस्तकाच्या आमच्याकडच्या प्रती दोनदा बांधून घेतल्यात, तिसऱ्यांदा घ्यायला झाल्यात.

राहिलं मी काय वाचतेय ते. एका वेळी दोन-तीन पुस्तकं चालू असतात, एक टेबलावर, एक घरी. घरी आहे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास', बहुधा चौथ्यांदा. वरसईचा एक भिक्षुक ब्राह्मण, घरावर कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघतो आणि थेट 1857 च्या धुमाळीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा तो आत असतो. या वेळी मी युद्ध सोडून दिलंय आणि फक्त पैशांचा हिशेब वाचतेय: कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे लुटली गेली, काय शिल्लक राहिलं. असं वाचलं की ते इतिहासाचं पुस्तक न राहता घर चालवणाऱ्या माणसाचं होतं. तो परत येतो तेव्हा आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन येतो, दौलत नाही. इतिहासकार चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे लिहून काढलं आणि छापून आलं 1907 साली. इतिहासाची आवड असलेल्यांना मी हे कधीच सुचवत नाही, ते आधीच सनावळ्या तपासायला लागतात. घरखर्चाची वही लिहिणाऱ्यांना सुचवते.

टेबलावर आहे कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', 2023 च्या साहित्य अकादमी पुरस्काराचं. अर्ध्यावर आलेय. गाव धरणात गेलंय, माणसं दुसरीकडे उठून आलीयेत, एक म्हैस मागे रानात राहिलीय आणि देवाप्पा तिला आणायला परत निघालाय. हळू वाचतेय, कारण मधे सारखं कुणीतरी पुस्तक बदलायला येतं, आणि खरं सांगायचं तर दोन पानं वाचून मी उगाच खिडकीबाहेर बघत बसते.

मागच्या मंगळवारी तेच धरणग्रस्त गृहस्थ आले होते, त्या दिवशी पायरीवर बसलेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, नातवाच्या गाडीवर बसून येतात. अजून लांबचीच पुस्तकं नेतात, या वेळी नर्मदा परिक्रमा. माझ्यासमोर पुस्तक पालथं पडलेलं पाहून म्हणाले, "काय चाललंय तुमचं?"

मी पुस्तक पुढे केलं नाही. चूक एकदा करून झालीय. म्हटलं, "म्हशीची गोष्ट आहे. मागे राहिलेली. एक माणूस तिला आणायला गेलाय."

ते चष्मा पुसत उभे राहिले. नातू खालून हॉर्न वाजवत होता.

"सापडली का?"

"अजून अर्ध्यावर आहे मी."

"बरं." नर्मदा पिशवीत टाकली, काठी घेतली, दाराशी जाऊन थांबले. "झालं की सांगा."

आज पंचावन्न पानं राहिलीत.